अंगी लागेल तेवढंच

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौसाळ्याच्या आमच्या दुकानात एका बाईला साखर मोजून देत होते. पलीकडून आमच्या यांचा आवाज आला, "आक्का गेली..." आणि पुढं नुसता श्वास. सकाळी छातीत कळ आली म्हणून त्या स्वतःच रिक्षात बसून दवाखान्यात निघाल्या होत्या. वाटेतच संपल्या. महिना उलटून गेला, तरी संध्याकाळी फोन वाजला की वाटतं त्यांचाच असेल, आणि पहिला प्रश्न ठरलेला : "काय जेवलीस गं?"

आक्का माझ्या थोरल्या नणंद. बीडला एका कॉलेजात अन्नशास्त्र शिकवायच्या, एकट्याच राहायच्या. अन्नातलं लोह, जस्त शरीराला कितपत मिळतं, हे मोजणं त्यांचं काम. माझ्या तव्यावरची बाजरीची भाकरी त्या डब्यात घालून न्यायच्या, तेव्हा लग्न होऊन नवीनच आलेल्या मला लई हसू यायचं. एकदा मला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. काचेच्या बाटलीत भाकरीचा लगदा, त्यात पोटातल्यासारखं आम्ल आणि पाचक रस, बाहेरून अंगाच्या उबेचं हलतं पाणी. मग आतड्याच्या अस्तरासारखी एक पातळ पिशवी त्यात सोडायची. तिच्या आत जेवढं लोह झिरपेल, तेवढंच अंगी लागण्याजोगं. "भाकरीत लई असतंय गं," त्या म्हणाल्या, "पण सगळं कुठं मिळतंय?" भाकरीबरोबर चहा घातला की पिशवीत फारसं काही उतरत नसे. लिंबू पिळलं की वाढे. हे सांगताना त्यांचा चेहरा कधी खुलला नाही. भाकरी खाऊनही फिकट पडलेल्या बायाच त्यांना दिसत असाव्यात...

मग मला दिवस गेले. लोहाच्या गोळ्या पोटात ठरत नव्हत्या, घेतली की ओकारी. सातव्या महिन्यात रक्त फार कमी निघालं. डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायला सांगितलं, आणि सासूबाई अडून बसल्या. त्यांच्या जावेची लेक सुई टोचताना घेरी येऊन पडली होती, ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. आक्कांना म्हणाल्या,

"तूच म्हनतीस ना, लिंबानं भाकरीतलं लोह जास्ती लागतंय? मग पिळतो की लिंबू. सुया कावून टोचायच्या?"

आक्का माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "माय, माजं माप खरं हाय. पण ते भाकरीचं माप हाय, मीराचं न्हाई. त्या बाटलीला बाळ होनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या मला बीडला घेऊन गेल्या. पुन्हा तपासलं तर रक्त आणखी उतरलेलं. सलाईन लागली तेव्हा माझा हात त्यांनी धरला होता. नर्सला पुनःपुन्हा विचारत होत्या, "हळू सोडलंय ना?" त्यानंतर काही फेऱ्या झाल्या. रक्त वाढलं, पुरतं नाही, पण वाढलं.

बाळंतपणात मुलगी झाली आणि माझा रक्तस्राव थांबेना. मला आठवतात ते छताचे दिवे आणि दाराबाहेर आक्कांचा आवाज, रक्तपेढीच्या माणसाशी भांडणारा. रक्तस्राव थांबला एकदाचा. डॉक्टरीणबाई नंतर सासूबाईंना म्हणाल्या, "आधीच्या रक्तावर ही आली असती, तर वाचली असती का, ते मला सांगता आलं नसतं." सासूबाईंनी आक्कांचे दोन्ही हात कपाळाला लावले. आक्का भिंतीला टेकून तिथंच फरशीवर बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. तोवर त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

घोर मात्र त्यांचा कधी सरला नाही. घरात आल्या की चप्पल काढायच्या आधी माझ्या लेकीला उजेडात उभं करायच्या, अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढायच्या आणि आतला रंग बघायच्या. लाल दिसलं की मगच पाणी मागायच्या. पोरगी वैतागायची, पळायची.

परवा ती शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि दारातल्या उन्हात माझ्यापुढं येऊन उभी राहिली. स्वतःच्याच बोटानं पापणी ओढली.

"बघ की आई. लाल हाय का?"

मी वाकून पाहिलं. लाल होतं... पण मला नीट दिसेना.