पाच दिवस मागचा बोध

काल शेजाऱ्यांकडे कुणाला तरी डेंग्यू झाला म्हणून रसासाठी पपईची पानं वाटत होते आणि त्या कडू वासाने मला माझ्या तापाचा आठवडा आठवला. आम्ही तेव्हा पुण्यापासून दूर, गार्डन रीचच्या ऑफिस क्वार्टरमध्ये राहायचो. मी आणि बायको रोज सकाळी बायबलचे तीन अध्याय वाचून आपापल्यासाठी एक बोध काढायचो. तापात माझे पाच दिवस बुडाले. ती पुढे गेली. मी मात्र बरा झाल्यावर एकही अध्याय न गाळता, जिथे थांबलो होतो त्या खुणेपासूनच सुरुवात केली. त्याच दिवशी पुण्याच्या बदलीला होकार की नकार, ते ऑफिसला कळवायचं होतं. तिकडे आई एकटी होती, इथे मुलगी बारावीत. माझ्या पाठात देव अब्राहामाला देश सोडून जायला सांगत होता. मी म्हणालो, "बघ, जायचं!" बायको हसली. "अहो, तुमचा बोध पाच दिवस शिळा आहे. आज इसहाकाला सांगितलंय, आहेस तिथेच राहा." मी दोन्ही अध्याय पुन्हा पडताळले. दोन्हीकडे आज्ञा स्पष्ट होती. तारखेप्रमाणे तिचा पाठ बरोबर, म्हणून शेवटी नकार कळवला आणि आईला फोनवर सगळं समजावून सांगितलं. आई म्हणाली, "एवढं वाचलंस, मला एकदा विचारायचं होतंस." ती 'ये' म्हणाली असती की 'राहा', हे तेव्हा विचारायचं सुचलं नाही. आता ती आमच्याकडेच असते, माझ्यासमोर बसून तांदूळ निवडते, आणि तरीही मी विचारलेलं नाही.