महालातलं पाणी
अठ्ठेचाळीस साल, मी एकोणीस वर्षांचा. संस्थान विलीन झालं आणि नदीकाठच्या महालात तीस वर्षं कुंडांचं पाणी सोडणाऱ्या माझ्या वडिलांची नोकरी गेली. "एकदा ते पाणी बघून येऊ रे," म्हणाले, म्हणून त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून शहरातल्या देवास गेटहून निघालो. वाटेत भैरवगढला, छापलेल्या कापडांच्या रंगाचा ओला वास आला. तो वास आला की आजही मी रस्ता बदलतो. महालाच्या फाटकावर नवा चौकीदार होता. हसत म्हणाला, "काका, अंदर मना है. पर हाथ जोड लो, तो दो मिनट छोड दूँ." बाबांनी लगेच हात उचलले. मी त्यांचं मनगट धरलं. "तीस वर्षं ज्या दारातून गेलात, तिथे हात जोडता? चला!" बाबांना कमी ऐकू यायचं. वळताना विचारलं, "पाणी चालू आहे का रे?" आतून धो धो आवाज येत होता. मी रागात म्हटलं, "बंद आहे." ते कॅरिअरवर बसले आणि आम्ही घरी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल पुसून मी दारात लावली आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाबा, पाणी चालू होतं. चला, आज मी जोडतो हात." ते म्हणाले, "राहू दे. मी मनाला समजावलंय आता."