सासूबाई, मी आणि ‘अप्लाय ऑनलाइन’

लग्नानंतर मी इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलला आले तेव्हा पुण्याच्या एका बँकेतली सहा वर्षांची नोकरी सोडून आले होते. नवऱ्याचं ऑफिस बिझनेस पार्कमध्ये, घरापासून चालत वीस मिनिटांवर. डिपेंडंट व्हिसावर मला काम करायची मुभा होती, पण काम द्यायला कुणी तयार नव्हतं. पहिले तीन महिने घर लावण्यात आणि थंडीला नावं ठेवण्यात गेले. चौथ्या महिन्यात नवऱ्याने माझा सीव्ही केला. त्यात मी इतकी कर्तबगार होते की वाचून माझं मलाच दडपण आलं.

“आता फक्त अप्लाय करायचं,” तो म्हणाला. “सगळं ऑनलाइन असतं. घरबसल्या.”

घरबसल्या मी रोज सकाळी लॅपटॉपसमोर बसायला लागले. प्रत्येक फॉर्मला माझी युनिव्हर्सिटी ड्रॉप-डाउनमधून हवी असायची आणि कुठल्याच ड्रॉप-डाउनमध्ये पुणे नसायचं. एकदा ‘अदर’ निवडलं, तर पुढचा रकाना म्हणाला, कृपया अदर निवडू नका. फॉर्म भरत आणला की नेमकं सेशन संपायचं आणि पुन्हा ‘मिस्टर की मिसेस’पासून सुरुवात.

एका मोठ्या सुपरमार्केटच्या अर्जात साठ प्रश्न होते. ‘मला कधीच राग येत नाही. स्ट्राँगली अॅग्री ते स्ट्राँगली डिसअॅग्री.’ मी प्रामाणिक माणूस. डिसअॅग्री केलं. ‘सहकारी उशिरा आला तर मी मनातल्या मनात चिडते.’ अॅग्री. मनातल्या मनातच चिडते म्हणजे केवढा संयम, असं मला वाटलं. अर्ज पाठवला आणि चहा टाकायला उठले. आधण येईपर्यंत नकार आला होता.

“चार मिनिटांत?” नवरा संध्याकाळी स्क्रीनकडे कौतुकाने बघत म्हणाला. “सिस्टिम चांगली बांधलीये यांनी.”

त्याच सुमारास सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं होतं. आठवडाभर त्यांनी माझं लॅपटॉपसमोर बसणं पाहिलं आणि मग विचारलं, “रोज काय लिहितेस गं?”

“नोकरीचे अर्ज, आई.”

“आणि देतेस कुठे?”

“यातूनच जातात.”

“पण तुला बघतं कोण?”

रात्रीच्या जेवणाला त्यांनी लेकालाही तेच विचारलं. तो म्हणाला, “आई, इथे असं कुणाच्या दारात जाऊन नोकरी मागत नाहीत. ते बरं दिसत नाही.”

“मी शिक्षणसंस्थेच्या चिटणीसांच्या घरी जाऊन बसले होते. दुपारी दोनला. ते झोपून उठेपर्यंत. बरं दिसलं की नाही ते मला माहीत नाही, ऑर्डर मिळाली.”

मला दोघांचंही पटत होतं, हीच अडचण. बँकेत मी टेबलाच्या आतल्या बाजूला बसायचे आणि माणसं माझ्यासमोर कागद घेऊन उभी राहायची. आता हातात फोल्डर घेऊन दुकानोदुकानी फिरायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. लॅपटॉपने नकार दिला तर निदान कुणी बघत नव्हतं. पण सोमवारी सकाळी सासूबाई नऊवारीवर लेकाचा जाडजूड कोट चढवून, पायात माझे स्पोर्ट्‌स शूज घालून दारात उभ्याच होत्या.

टाउन सेंटरमधल्या पहिल्या दुकानातल्या मुलीने गोड हसून माझ्या हातात एक कार्ड ठेवलं. त्यावर वेबसाइट होती. दुसऱ्या दुकानात तसंच हसू, तसंच कार्ड. पाचव्या दुकानापर्यंत माझे कान तापले होते. सासूबाई मात्र खुशीत होत्या. सगळी कार्डं त्यांनी पर्समध्ये नीट लावून ठेवली होती.

“पाच ठिकाणी बोलावलंय की,” त्या म्हणाल्या.

“आई, बोलावलं नाहीये. ऑनलाइन अर्ज करा म्हणतात.”

“म्हणजे घरी जाऊन त्याच यंत्रात लिहायचं? मग ही माणसं इथे कशाला उभी केलीयेत?”

परत फिरताना एका बाजूच्या गल्लीत पडद्यांचं दुकान लागलं. काचेवर हाताने लिहिलेला कागद होता: हेल्प वॉण्टेड, अप्लाय विदिन.

“विदिन म्हणजे?” सासूबाईंनी विचारलं.

“आत.”

“मग चल आत.”

आत एक वयस्कर इंग्रज मालक कापडाचे तागे उचलून उचलून खाली काहीतरी शोधत होता. एक बाई खिडकीचं माप घेऊन खोळंबली होती. त्र्याण्णव इंच रुंद खिडकी. पडद्याला चुण्या हव्यात म्हणून कापड दीडपट लागणार होतं आणि मालकाचा कॅल्क्युलेटर सापडत नव्हता. दुकानात एवढंच चाललं होतं. ते मी सासूबाईंना हळूच सांगितलं.

“एकशे साडेएकोणचाळीस,” सासूबाई मोठ्याने म्हणाल्या.

मालकाने वर बघितलं. मी भाषांतर केलं. तेवढ्यात कॅल्क्युलेटर वेल्वेटखाली सापडला. त्याने बटणं दाबली आणि सासूबाईंकडे पाहिलं. मग त्याने मुद्दाम विचारलं, “सेव्हण्टी-सिक्स?”

“शहात्तर,” मी सांगितलं.

“एकशे चौदा. अरे, दिडकी आहे ही. चौथीच्या पोरांना येते.”

मालकाने चार आकडे टाकले, सासूबाईंनी चारही टोलवले. खिडकीवाली बाई आपली खिडकी विसरून टाळ्या वाजवायला लागली. मधल्या वेळात सासूबाईंनी काउंटरवर पसरलेलं कापड काठाला काठ जुळवून घडी करून ठेवलंही होतं.

“व्हेन कॅन शी स्टार्ट?” मालकाने मला विचारलं.

मी म्हणाले, त्यांचा व्हिजिटर व्हिसा आहे, त्यांना काम करता येत नाही. नोकरी मला हवी आहे. त्याचा चेहरा एवढा पडला की मला फोल्डर उघडायची लाज वाटली.

“कॅन यू डू इट टू?” त्याने विचारलं.

मला दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, येत नव्हती. मी इंग्लिश मीडियमची. तरीही मी म्हणाले, “ऑफ कोर्स,” आणि सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की इंग्रजी न समजताही त्यांना सगळं समजलंय हे मला कळलं.

सीव्ही त्याने वाचलाच नाही. शनिवारी सकाळी नऊला ये, म्हणाला.

ते पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. भांडी घासताना दिडकी, कपडे वाळत घालताना दिडकी. चुकलं की सासूबाई पुन्हा एकापासून म्हणायला लावायच्या. नवरा ऑफिसातून आला की सोफ्यावर बसून आमचा वर्ग ऐकायचा. एकदा म्हणाला, “कॅल्क्युलेटर जवळ ठेव ना,” तर त्यालाही सतरा दिडे किती ते विचारलं गेलं. तो बूट घालून दूध आणायला गेला.

शनिवारी दीडपटीचं गणित मी एकदाही चुकले नाही. फक्त पहिल्याच गिऱ्हाइकाचं कापड कापताना त्यावरचे मोर आडवे आले. सगळे पाठीवर झोपलेले. मालकाने ते कापड घडी करून आत नेलं, आणि सोमवारी मी गेले तेव्हा काचेत झोपलेल्या मोरांच्या आठ उशा मांडलेल्या होत्या. त्या आठवड्याभरात खपल्या. त्या दुकानात मी तीन वर्षं काम केलं.