बिनवशिंडाचा गोऱ्हा

रायपूरच्या तात्यापाऱ्यात शारदाताई पिंपळखुटे यांचं श्रीखंड जितकं प्रसिद्ध, तितकाच त्यांचा राग. सकाळी त्यांचा आवाज चढला की समोरचा इस्त्रीवाला आधी रेडिओ बंद करायचा. आज कोणाची पाळी आहे ते नीट ऐकू यायला नको? एका लग्नात मुलीकडच्यांना मागच्या पंगतीत बसवून थंडगार भात वाढला, तेव्हा भर मांडवात उठून बोलल्या त्या शारदाताईच, आणि त्या मुलाकडच्या होत्या. "दर वेळी तूच काहून उठतेस?" असं त्यांच्या जावेनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "दुसरं कोणी उठलं असतं तर मी मुकाट्यानं जेवली असती."

माहेर त्यांचं आर्वीकडचं. वडिलांच्या दारात गवळाऊ बैलांची जोडी होती, पांढरीशुभ्र, अंगानं सडसडीत, दमणीला जुंपली की घोड्यासारखी दुडकत जाणारी. लग्न होऊन त्या रायपूरला आल्या. नवरा शंकरराव रेल्वेत कारकून, स्वभावानं इतका मवाळ की इथं आल्यावर छत्तीसगढीतला 'हव' हा एक शब्द शिकला आणि पुढचा सगळा संसार त्या एका होकारावर काढला. शारदाताईंनी घरी चक्का बांधायला सुरुवात केली. आधी शेजारच्या दोन घरांसाठी, मग अख्ख्या पाऱ्यासाठी, म्हणजे मोहल्ल्यासाठी, मग ब्राह्मणपाऱ्यातल्या मुंजी-लग्नांसाठी. मागच्या अंगणात दोरीवर चक्क्याची फडकी टांगलेली असायची, आणि दर पहाटे विशाल देशकरच्या डेअरीचा टेम्पो दारात थांबायचा.

हा विशाल ब्राह्मणपाऱ्यातला, जुन्या घरचा. नोकरी सोडून त्यानं बीरगांवच्या पलीकडे डेअरी टाकली होती. पोरगा बोलायला गोड, मराठी मंडळाच्या कामाला पुढे, वर्गणीला हात सैल. त्याला वेड एकच, गाईंच्या जातींचं. कोणाच्या बारशाला गेला तरी अर्ध्या तासात तो हॉलंडला पोचलेला असायचा. काळ्या-पांढऱ्या होल्स्टीनची कास केवढी, जर्सीच्या दुधाला साय कशी जाड येते, आपल्या गीर गाईनं ब्राझीलमध्ये जाऊन कसं नाव काढलं, हे सांगताना त्याचे डोळे चमकायचे. शारदाताईंना ते ऐकायला आवडायचं. जनावरावर जीव असलेला माणूस वाईट नसतो, असं त्या म्हणायच्या. तेव्हा म्हणायच्या.

आषाढातल्या एका सकाळी टेम्पो नेहमीपेक्षा लवकर आला. शारदाताई भांडी घेऊन बाहेर आल्या, तर ड्रायव्हर राकेश दुधाचे कॅन उतरवायचं सोडून गल्लीच्या टोकाला काहीतरी ठेवत होता. जवळ जाऊन पाहतात तो काळं-पांढरं वासरू. नाळ पुरती वाळलेली नव्हती. उभं राहता राहता ते एका स्कूटरच्या चाकाला तोंड लावून चोखायला लागलं होतं.

"हे काय करून राहिला रे?"

राकेश दचकला. "दीदी, गोऱ्हा है. मालिक बोले, पारे में छोड़ दो, लोग रोटी डाल देते हैं."

"आठ दिवसांचं पोट्टं रोटी खाईल? चावता तरी येते काय त्याले?"

राकेश कॅनकडे वळला. बिचाऱ्याचं घर मालकाच्या पगारावर चालत होतं. शारदाताईंनी राग त्याच्यावर काढला नाही. त्यांनी वासराला उचललं, पदराला शेण लागलं ते लागलं, आणि अंगणात आणून ठेवून विशालला फोन लावला.

"विशाल, तुझ्या घरचं लेकरू माझ्या दारात पडून आहे."

विशाल मुळीच चिडला नाही. समजावून सांगण्यात त्याचा हातखंडा होता. "काकू, तो होल्स्टीनचा गोऱ्हा आहे. याले वशिंड येत नाही, खांदा सपाट. जू ठेवणार कुठं? अन् ठेवलं तरी ही थंड मुलखातली जात. आपल्याकडच्या उन्हात चार पावलं चालली की जीभ बाहेर. फिर हल चलाता कौन है आजकल? गाय झाली असती तर राजासारखी ठेवली असती. हा रोज दूध पिणार अन् देणार काय? आम्ही डेअरी कशी चालवायची?"

"मग याले आणलं कोणी? हॉलंडहून पायी चालत आला काय हा?"

"काकू, सगळेच सोडतात."

"सगळ्यांले मी ओळखत नाही. तुले ओळखते."

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ फणफणत होत्या. गाय व्याली नाही तर दूध देत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणजे दूध हवं म्हणून याला जन्माला घालायचं, आणि जन्मला की दूध वाचवायला रस्त्यावर टाकायचं! आणि हे करणारा माणूस सत्यनारायणाच्या प्रसादात शुद्ध तूप लागतं म्हणून हट्ट धरणारा.

शंकररावांनी वासराचं नाव साहेब ठेवलं, विलायती म्हणून. साहेबाला दूध हवंच होतं. ते कुठून आणायचं? टेम्पोतूनच. शारदाताई आपल्या चक्क्याच्या दुधाबरोबर दोन लिटर जास्त घ्यायला लागल्या. कॅन वाकडा करताना राकेश एकदा हळूच म्हणाला, "दीदी, इसमें इसकी माँ का भी होगा." त्याच्या आईचं दूध त्याच्यासाठी विकत! शारदाताईंनी पैसे मोजून दिले. बादलीत बोटं बुडवून त्या साहेबाला प्यायला शिकवायच्या आणि तो त्यांच्या बोटांना ढुशा द्यायचा. शेजारणीनं शेणाच्या वासाची तक्रार केली, तेव्हा शारदाताईंनी तिला विचारलं, "सकाळचा चहा कोरा पितेस का तू?"

श्रावण सरत आला. मराठी मंडळाच्या अंगणात दरवर्षी लहान मुलांचा पोळा भरायचा. लाकडी बैलांना चाकं, गळ्यात घुंगरू, पाठीवर बेगडाची झूल, आणि पूजेला जवळच्या गावातून आणलेली एक खरी जोडी. मुलं आपसात हिंदी बोलायची, पण तोरण तुटलं की ओरडायची मराठीत. यंदा अध्यक्ष विशाल होता. बक्षिसं त्याची, मांडव त्याचा, आणि खास आकर्षण म्हणून 'जगातील गोवंश' असं चित्रांचं प्रदर्शन, तेही त्याचंच.

पोळ्याच्या दिवशी शारदाताईंनी साहेबाला न्हाऊ घातलं, हळदीचे ठसे उमटवले, जुन्या लुगड्याची झूल शिवून पाठीवर टाकली. शंकरराव छत्री घेऊन मागे. साहेब आता कमरेएवढा झाला होता आणि घुंगराच्या आवाजानं स्वतःच बावरत चालला होता.

मांडवाच्या तोंडाशी विशालनं त्यांना थांबवलं. हसतच होता. "काकू, हा इथं नको. परंपरा असते आपली. पूजा देशी बैलाची होते, वशिंडवाल्या. हा आपला नव्हे."

"आपला नव्हे?" शारदाताईंचा आवाज अजून खाली होता. "याच्या आईचं दूध आपलं. त्याचं दही आपलं, श्रीखंड आपलं. तुझ्या लग्नात पंगती उठल्या त्या त्याच्यावर. अन् हा तेवढा परका?"

"काकू, लोक पाहून राहिले आहेत."

"पाहू दे की. तू एवढं प्रदर्शन मांडलं ते पाहण्यासाठीच ना?"

आणि त्या आत गेल्या. प्रदर्शन खरंच देखणं होतं. हॉलंडची होल्स्टीन, कास जमिनीला टेकायला आलेली. बेटावरची, हरणाच्या डोळ्यांची जर्सी. डोंगरातली करड्या रंगाची ब्राउन स्विस. स्कॉटलंडची हायलँड, डोळ्यांवर झिपऱ्या. आफ्रिकेतली अंकोले, शिंगं अशी की दारातून आत यायची नाही. लांब कानांची गीर. शेवटी कोपऱ्यात आपली छत्तीसगढची कोसली, बुटकी, काटक, धानाच्या चिखलात दिवस काढणारी. प्रत्येक चित्राखाली दूध किती ते लाल अक्षरांत. कोसलीखाली नुसतं 'अल्प'.

शारदाताई या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. मग परत आल्या. मग वळून त्यांनी विचारलं, आणि आता त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

"विशाल, आज सण कोणाचा?"

"पोळा आहे, काकू. बैलाचा."

"मग यातला एक बैल दाखव मले."

विशालनं चित्रांकडे पाहिलं. स्वतःच्या हातानं लावलेली चित्रं, पण त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पाहिली. सगळ्या गाई होत्या. बैलांच्या सणाला साऱ्या जगातून गाई गोळा केल्या होत्या, आणि एकाही माणसाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. बायका मुलांच्या लाकडी बैलांची झूल सावरत उभ्या राहिल्या, कोणी खोकलं, कोणी मुलाला उगीच दटावलं. पण पुढे कोणी आलं नाही. एवढं लख्ख दिसूनही कोणी पुढे आलं नाही, याची चीड शारदाताईंना विशालच्या वागण्याहून जास्त आली. त्यांनी साहेबाला होल्स्टीनच्या चित्राखाली उभं केलं, आणलेलं तबक काढलं, कुंकू लावलं, एकटीनं ओवाळलं आणि घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात थांबला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गणपती तोंडावर आलेले, श्रीखंडाच्या ऑर्डरी घेतलेल्या. शारदाताईंनी एकेका घरी जाऊन यंदा जमणार नाही म्हणून सांगितलं. कारण कोणी विचारलं नाही. अंगणातल्या दोरीवर फडकी कोरडी वाळत पडली. साहेबाला पेजेवर भागवलं.

चौथ्या दिवशी पहाटे टेम्पो थांबला. शारदाताईंना वाटलं, पोराला लाज वाटली. भांडं घेऊन त्या पुढे झाल्या. राकेशनं मागची फळी पाडली. कॅन एकही नव्हता. दोन गोऱ्हे होते, साहेब आला होता तेवढेच, पावसानं ओले, पाय फाकून उभे.

राकेश खाली मान घालून म्हणाला, "मालिक बोले, काकू के यहाँ जगह है."

शारदाताईंच्या तोंडून शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल. तेव्हा मागून शंकरराव पुढे आले. त्यांनी 'हव' म्हटलं नाही. ते म्हणाले, "उतरव. दोन्ही उतरव."

आता तीन तोंडं, आणि पाऱ्यातलं जवळपास सगळं दूध विशालच्याच डेअरीचं. शारदाताईंनी पितळी किटली घासली, तिन्ही गोऱ्ह्यांच्या दोऱ्या शंकररावांच्या हातात दिल्या आणि निघाल्या. पहिलं दार शेजारणीचं.

"वाटीभर दूध घाल. ज्याचं आहे त्याले पोचवायचं आहे."

शेजारीण किटलीकडे आणि वासरांकडे पाहत राहिली. मग आत जाऊन चहाचं पातेलंच घेऊन आली. पुढच्या घरानं दार लावून घेतलं. त्याच्या पुढच्यानं अर्धी वाटी दिली, वर उपकारही ऐकवले. शारदाताईंनी उपकारासकट घेतलं. तात्यापारा संपला, ब्राह्मणपारा लागला. मागे बघे जमत गेले, आणि विशालच्या दाराशी पोचेपर्यंत किटली अर्धीच भरली होती.

दार विशालच्या बायकोनं, श्रावणीनं, उघडलं. मागे टॉवेल खांद्यावर टाकलेला विशाल. "काकू, हे काय नाटक लावलं सकाळी सकाळी?"

शारदाताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "श्रावणी, दूध आहे काय घरात? ही तुमच्याच दारची लेकरं आहेत. उपाशी आहेत."

श्रावणीनं नवऱ्याकडे पाहिलं, पायरीखाली एकमेकांचे कान चोखणाऱ्या दोन वासरांकडे पाहिलं, आणि ती आत गेली. आली ती चिमट्यानं पातेलं धरून. नुकतंच उतू जाता जाता उतरवलेलं दूध, वर जाड साय. विशाल म्हणाला, "श्रावणी, आत ठेव ते." ती जागची हलली नाही.

शारदाताईंनी पातेल्याला बोट लावून पाहिलं. चटका बसला.

"फार गरम आहे गं," त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून विशालच्या दारातच पायरीवर बसल्या. "खाली ठेव. निवू दे. आम्ही बसतो."