घोडीच्या शेपटीचा अंबाडा

न्हावी लढाईवर गेला आणि पहिल्याच महिन्यात शत्रूच्या हाती सापडला. कैद्यांच्या छावणीत उवांचा सुळसुळाट, म्हणून सगळ्यांची डोकी तुळतुळीत ठेवायचं काम त्याच्याकडे आलं.

पुढे कैदेतल्या एका शाळामास्तरांनी नाटक लिहिलं. नायिका व्हायला ट्रक ड्रायव्हर उभा राहिला, कारण मिशी उतरवायला तोच एकटा राजी होता. चादरीचा झगा झाला, विटेच्या भुकटीनं गाल रंगले. पण डोक्याचं काय?

"न्हावीबुवा," मास्तर म्हणाले, "जन्मभर केस कापलेत. आता जरा उगवून दाखवा!"

न्हाव्याच्या ते जिव्हारी लागलं. हजामतीतले केस त्यानं मोज्यावर शिवून पाहिले, तर ड्रायव्हरच्या डोक्यावर साळिंदर बसल्यासारखं दिसायला लागलं. मग त्याची नजर गेली पाण्याची गाडी ओढणाऱ्या घोडीकडे. काय शेपटी होती! काळीभोर, लांबसडक. पाणी उतरवताना रोज एक बट तो गुपचूप कापायचा. पहाऱ्यावरचा शत्रूचा हवालदार त्या घोडीला पोटच्या पोरीसारखं जपायचा. बिचारा चिंतेत पडला, हिला कसला रोग लागला?

प्रयोगाला हवालदार पहिल्या रांगेत. पाठमोरी नायिका अंबाडा सावरत दिव्याची वात सारखी करू लागली. एरवी शिट्ट्या मारणारेही माना उंचावून बघू लागले. न्हावी नकळत दोन पावलं पुढे सरकला. थेट घरी राहिलेली त्याची बायकोच उभी होती ती. तेवढ्यात अंबाडा सुटला, केस पाठभर पसरले.

"अरे, ही तर माझी घोडी!" हवालदार कैद्यांच्या भाषेत मोडकंतोडकं ओरडला. नायिकेसकट सगळे हसून लोळले.

दुसऱ्या दिवशी शिक्षा मिळाली: शेपटी होती तशी जोडून द्या. न्हाव्यानं घोडीची एक लाथ खाऊन ती जोडली. हवालदारानं मागून नीट न्याहाळलं आणि हळूच विचारलं, "जरा कुरळी करता येईल?"

त्यानंतर दर नाटकाला तो स्वतःच शेपटी सोडून आणायचा.

सुटून घरी आल्यावर न्हाव्यानं दुकानात नाटकांसाठी केसांचे टोप करायला घेतले. हाताशी बायको बसली आणि वर्षभरात त्याच्या पुढे गेली. केस गुंफताना तिच्या गाठी जास्त बारीक, हे तो गिऱ्हाइकांना स्वतःच कौतुकानं सांगायचा आणि चहा टाकायला आत जायचा.