कालव्यापलीकडची बाग

आनेग्रेट सोबोट्काला पहिली चक्कर आली ती मांसाच्या दुकानात, आणि तीही काउंटरच्या आतल्या बाजूला. शनिवारची गर्दी, समोर सॉसेज मागणारी म्हातारी, हातात सुरी, आणि पायाखालची फरशी एकदम होडीसारखी डुलायला लागली. पडायचं नाही म्हणून तिने समोरचा तराजू धरला. म्हातारी खेकसली, "बाई, वजनात हात नका घालू, माझं लक्ष आहे!" सगळं दुकान हसलं. आनेग्रेटही हसली, आणि हसता हसता खाली बसली ती बसलीच.

मग काय विचारता! कानवाल्याने कान तपासले, मानवाल्याने मान. डोकं त्या घरघरणाऱ्या नळकांड्यात घालून झालं, छातीला तारा लावून झाल्या. प्रत्येकाने पाठीवर थाप मारून एकच सांगितलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." आता ज्या बाईला बेकरीपर्यंत भिंत धरून जावं लागतं, तिला 'काही नाही' म्हणणं हा दिलासा आहे की अपमान, तुम्हीच सांगा. दुकान सुटलं, चर्चमधली गाण्याची मंडळी सुटली आणि शेवटी कालव्यापलीकडची बागही सुटली, कारण बागेत जायचं तर कालव्यावरचा पूल ओलांडायला हवा. त्या पुलावर तिचे पाय असे लटलट कापायचे की विचारू नका.

ही बाग म्हणजे जर्मनीतल्या त्या रूरच्या खाणपट्ट्यात असते तशीच, बागवाल्यांच्या संघाकडून भाड्याने घेतलेली. एकाला एक लागून तुकडे, मध्ये कुंपणाला झुडपं, प्रत्येकात एक लाकडी खोपटं. आनेग्रेटच्या बापाने खाणीतून वर आल्यावर फुफ्फुसं धुवायची जागा म्हणून ती घेतली होती. आनेग्रेट तिथेच रांगली, तिथेच आईच्या हाताखाली वाटाणे सोलायला शिकली. आई-बाप गेले तेव्हा ती थडग्यापाशी रडली नाही, बागेतल्या गूजबेरीच्या झुडपामागे जाऊन रडली. पुढे करार नवऱ्याच्या, राइनहोल्डच्या, नावावर झाला, पण त्याला बागेचं कौतुक यथातथाच. तो खोपट्यात खुर्ची टाकून रेडिओवर फुटबॉल ऐकायचा आणि संघाच्या अध्यक्षाने गवतावरून टोमणा मारला की बायकोकडे बोट दाखवायचा.

अखेर घरच्या डॉक्टरने तिला हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर धाडलं, सायकोसोमॅटिक विभागात. मनाचं दुखणं जिथे अंगावर निघतं, त्या लोकांचा मजला. गावात त्याला काय म्हणतात ते मी सांगत नाही. मुलगी केर्स्टिन म्हणाली, "आई, शेजारी विचारलं तर पाठीसाठी गेलीय म्हणून सांगते हं." आनेग्रेटला ते लागलं.

चौथ्या मजल्यावर पद्धत अशी, की नव्या पेशंटला एक जुना पेशंट पालक म्हणून मिळतो. कुठला चहा प्यायचा, कुठल्या खुर्चीला पाय नाही, कुठल्या नर्सला लवकर राग येतो, हे त्याने सांगायचं. आनेग्रेटच्या वाट्याला आले गाव्लिकबुवा. उभा जन्म खाणीत गेलेला, आणि खाण बंद पडली त्या दिवसापासून पोटात गोळा. पहिल्याच दिवशी पुदिन्याच्या चहाचा कप तिच्या हातात देत ते म्हणाले, "घाबरू नका सोबोट्काबाई. इथे सगळ्यांचे रिपोर्ट उत्तम आहेत. म्हणून तर आपल्याला ऍडमिट केलंय!" कितीतरी दिवसांनी ती पोट धरून हसली.

तिथे चित्रं काढायची, माती मळायची, गोल करून बसायचं आणि बोलायचं. आनेग्रेटला आधी हे सगळं पोरखेळ वाटलं. पण डॉक्टर ताल्हाइमबाई शांत होत्या आणि चिवट होत्या. त्या कधीच म्हणाल्या नाहीत की तुम्हाला काही नाही. त्या म्हणाल्या, "तुमची चक्कर खरी आहे. ती घाबरल्यावर येते, आणि ती आली की तुम्ही आणखी घाबरता. आपण तिच्याबरोबर चालायला शिकू." कोणीतरी आपल्यावर विश्वास ठेवला, एवढ्यानेच तिला रडू कोसळलं.

मग चालणं सुरू झालं. आधी कॉरिडॉर, मग जिना, मग हॉस्पिटलची बाग, मग बस स्टॉप. काही धरायचं नाही, खाली बघायचं नाही, चक्कर आली तर 'ये बाई' म्हणायचं आणि पाऊल टाकायचं. कुठवर पोचायचं ते ज्याने त्याने स्वतः ठरवायचं असतं. तिने सगळ्यांसमोर सांगितलं, "मला एकटीने कालव्याचा पूल ओलांडून माझ्या बागेत जायचंय. वाटाणे मीच पेरून आलेय, मीच तोडणार." गाव्लिकबुवा म्हणाले, "मला एक मूठ आणा म्हणजे झालं."

आणि राइनहोल्ड? अहो, नवरा असावा तर असा, असं अख्खा मजला म्हणायचा. दर रविवारी दुपारी तो यायचा, केस नीट बसवलेले, हातात टोपली. टोपलीत मुळे, लेट्यूस, नंतर स्ट्रॉबेरी. "तुझ्या बागेतलं," म्हणायचा. आनेग्रेट मजल्यावर सगळ्यांना वाटायची. मुळे एकसारखे, लाल, गोल. तिला नवल वाटायचं की या माणसाच्या हाताला एवढं पीक कसं आलं. "गवत काढतोस ना?" ती विचारायची. "काढतो तर! गुडघे गेले माझे," तो म्हणायचा, आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आयुष्यभर ज्याने कुदळीला हात लावला नाही तो आपल्यापायी मातीत वाकतोय! गोलात बसून तिने हे सांगितलंसुद्धा. ज्या बायकांचे नवरे फोनही करत नव्हते त्या माना खाली घालून बसल्या.

जूनमध्ये जोडीची बैठक झाली. ही तिथली रीतच आहे, घरच्या माणसाला एकदा समोर बसवायचं. ताल्हाइमबाईंनी राइनहोल्डला विचारलं, "पत्नीचा बेत ऐकलात. जमेल त्यांना?"

त्याने आनेग्रेटचा हात हातात घेतला. "जमेल म्हणजे? जिद्दीची आहे माझी आनी. फक्त एवढी घाई कशाला, म्हणतो मी. आधी बेकरी, मग टपाल कचेरी. बाग काय पळून जातेय?"

तिला त्यातही मायाच दिसली. माणसाला जे बघायचं असतं ते दिसतंच.

घरी जाण्याआधी एक शनिवार-रविवार घरी राहून बघायचं असतं, परीक्षा म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी राइनहोल्ड गाडी घेऊन आला. घरी आल्यापासून तो तिच्या मागेपुढे. "तू बस. तू पड. उद्या केर्स्टिन येतेय, बटाट्याचं सॅलड आणतेय. कुठे जायचं नाहीये आपल्याला." शनिवारी सकाळी तो पाव आणायला उतरला तशी आनेग्रेटने बूट घातले. चोरून नाही हं. तिला वाटलं, परत आल्यावर वाटाण्याची पिशवी टेबलावर ठेवायची आणि त्याचा चेहरा बघायचा.

पुलाच्या तोंडाशी चक्कर आलीच. ती म्हणाली, "ये बाई." मध्यावर आली तर खालून कोळशाची लांबलचक बोट चाललेली, पाणी हलतंय, पूल हलल्यासारखा वाटतोय, आणि हिचे दोन्ही हात मोकळे. बोटीवरच्या माणसाने सहज हात केला. हिनेही केला. पलीकडच्या टोकाला पाय टेकला तेव्हा ती मोठ्याने हसली, एकटीच, भर रस्त्यात. लोक काय म्हणतील ते म्हणोत! एवढी खूश ती लग्नातही नव्हती.

बागेच्या फाटकाला नवं कुलूप होतं. आत दोरीवर तान्ह्या बाळाचे कपडे वाळत होते. एक तरुण बाई वाकून वाटाणे तोडत होती.

"कोण तुम्ही?" आनेग्रेटने विचारलं.

"मी नुरगुल. आणि तुम्ही?" मग कंबर सरळ करत तिने नीट बघितलं. "अगंबाई! तुम्ही सोबोट्काबाई का? खोपट्यात फोटो होता तुमचा, आम्ही तुमच्या मिस्टरांना दिला. आत या ना! तुमचे वाटाणे काय गोड आहेत हो."

"माझे," आनेग्रेट म्हणाली.

"हो, तुम्हीच पेरलेले ना? आम्हाला मे महिन्यात ताबा मिळाला. तुमचे मिस्टर म्हणाले, डॉक्टरांनीच बाग बंद केलीय, तुम्हालाही आता नको झालीय. किती वर्षं आम्ही संघाच्या यादीत होतो!" तिचा चेहरा उतरत चालला. "त्यांनी... तुम्हाला माहीत होतं ना?"

शेजारच्या तुकड्यातून संघाचे अध्यक्ष लुट्केसाहेब डोकावले आणि लगेच झुडपाआड वाकून काहीतरी छाटू लागले. म्हणजे यांनाही माहीत. सगळ्यांना माहीत.

मे महिन्यात! म्हणजे त्या खोलीत तिचा हात हातात घेऊन 'जिद्दीची आहे' म्हणाला, तेव्हा राइनहोल्ड बाग सोडल्याची सही करून मोकळा झाला होता. आणि मुळे? ते एकसारखे, गोल, लाल मुळे? ते ती चौथ्या मजल्यावर मिरवत होती, कुठले कुठले परके मुळे, आणि बिचाऱ्या बायकांना आपल्या नवऱ्याचं उदाहरण देत होती. त्या आठवणीने तिला अशी लाज वाटली की कान तापले. नुरगुलने ओंजळभर शेंगा पुढे केल्या. तिची काय चूक? आनेग्रेट नको म्हणाली आणि वळली. पूल कधी ओलांडला ते तिला कळलंही नाही.

घरी टेबल मांडलेलं. केर्स्टिन सॅलडवरचं झाकण काढत होती. राइनहोल्ड दारात आला. "कुठे गेली होतीस? जीव टांगणीला लागला माझा!"

"बागेत."

केर्स्टिनने बापाकडे बघितलं. तेवढ्याने आनेग्रेटला कळलं की हिलाही ठाऊक होतं.

"आई, ऐक तर खरं," केर्स्टिन म्हणाली, "बाबांचे गुडघे, संघाची कटकट, गवताबद्दल दोनदा बोलणी बसली त्यांना. आणि तुला त्रास नको म्हणूनच ना—"

"तू गप्प. मी याच्याशी बोलतेय." ती राइनहोल्डकडे वळली. "बाग झेपत नव्हती तर सांगायचंस. मी भांडले असते, रडले असते, आणि सोडलीही असती कदाचित. पण टोपली? दर रविवारी टोपली भरून आणत होतास! कुठून?"

"बाजारातून," तो पुटपुटला. "तू खूश व्हायचीस, आनी. म्हणून. मला वाटलं, तेवढाच तुला आधार."

"आणि मी एक दिवस तिथे जाऊन उभी राहीन, हे नाही वाटलं तुला? माझा बेत तुझ्यासमोर सांगितला होता मी!"

राइनहोल्ड खुर्चीवर बसला. माणूस दुष्ट नव्हता, हेच तर दुःख. त्याने टेबलाकडे बघत खरं तेच सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा. "मला वाटलं, तू कधी तिथपर्यंत पोचणारच नाहीस."

खाली कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. कानवाला, मानवाला, सगळे म्हणाले होते 'काही नाही'. त्या परक्यांचं तिने मनावर घेतलं नव्हतं. पण हा दर रविवारी तिच्या पलंगावर बसून 'होशील बरी' म्हणत होता, आणि मनात तिला कधीच उचलून कोपऱ्यात ठेवून आला होता.

तिने आतून बॅग आणली. अजून उघडलीही नव्हती ती.

"कुठे निघालीस?" राइनहोल्ड उठला. "थांब, गाडी काढतो."

"हॉस्पिटलात. बसने जाईन."

"आई, वेडी आहेस का?" केर्स्टिन दारात आडवी झाली, तिचे डोळे भरले होते. "एकटी बसने? वाटेत चक्कर आली म्हणजे?"

"येऊ दे की," आनेग्रेट म्हणाली. "ती माझ्याशी कधी खोटं नाही बोलली." आणि तिने मुलीला हळूच बाजूला सारलं.