नाना वेस्टला गेले

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजून घाम फुटतो. इंग्रजी अजिबात येत नसलं ना, तर माणसाचं फारसं बिघडत नाही. अर्धवट यायला लागलं की वाट लागते! माझी लागली ती एका शब्दापायी. कुठला शब्द? वेस्ट!

आता आम्हा उपनगरवाल्यांना वेस्ट कुणी शिकवायचं? स्टेशनच्या एका अंगाला ईस्ट, दुसऱ्या अंगाला वेस्ट, संपला भूगोल. सूर्य कुठे का मावळेना!

पण आमच्या विम्याच्या ऑफिसात नवे साहेब आले. इंग्रजी फाडफाड. एक दिवस म्हणाले, "दॅट प्रपोजल हॅज गॉन वेस्ट." मी पडलो तत्पर माणूस. लगेच अंधेरी वेस्टच्या शाखेत फोन लावला, "आमचं प्रपोजल पोचलं का हो?" तिकडच्या बिचाऱ्यांनी कपाटं उपसली. शेवटी साहेबांनीच सांगितलं, गॉन वेस्ट म्हणजे बुडालं, संपलं. आणि माणसाबद्दल म्हटलं तर माणूस वारला! पुढे कितीतरी दिवस मी ऑफिसातून निघालो की कुणीतरी विचारायचंच, "काय, आज वेस्टला का?"

तेव्हा ठरवलं, पुन्हा फसायचं नाही. मोबाइलवर इंग्रजी वाक्प्रचारांचे व्हिडिओ बघायला लागलो. गोइंग साउथ म्हणजे बिघडणं, गॉन वेस्ट म्हणजे मरणं. जेवताना बायकोला ऐकवायचो. ती म्हणायची, "भाजी वाढू?"

आणि मग तो रविवार उजाडला.

माझे मामा, नाना, बोरिवली ईस्टला एकटे राहतात. माझे वडील गेले तेव्हा मला कणकवलीहून हाताला धरून मुंबईत आणलं ते त्यांनी. शिकवलं, नोकरीला लावलं, लग्न करून दिलं. आता वय ऐंशीच्या पुढे. त्यात ताप आलेला, आणि डॉक्टरांनी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलेलं. सकाळी फोन लावला तर बंद. शेजारच्या विल्सन अंकलना मेसेज टाकला, नाना कसे आहेत? विल्सन अंकल मूळचे मनोरीचे, मराठी बोलतात झकास, पण लिहिणार इंग्रजीतच. उत्तर आलं:

"नाना गॉन वेस्ट. वेंट क्वाएटली. डॉक्टर हॅड वॉर्न्ड. कम फास्ट."

नाना गेले. शांतपणे गेले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. लवकर ये.

हातातला चहा पायजम्यावर सांडला आणि चटकासुद्धा जाणवला नाही.

"सुनीता, नाना गेले गं!"

तिने मेसेज वाचला. "अहो, वेस्टला म्हणजे बाजारात गेले असतील."

"तुला इंग्रजी कळतं का? क्वाएटली लिहिलंय! बाजारात कुणी क्वाएटली जातं का?"

"अहो, पण एकदा फोन करून विचारा ना."

केला. विल्सन अंकल उचलेनात. कसे उचलतील? अशा वेळी शेजाऱ्याला कमी कामं असतात का? मी कणकवलीला नानांच्या पुतण्याला, बाळ्याला कळवलं. पलीकडे हंबरडा. पाच मिनिटांत त्याचा निरोप, गाडी निघाली. तोवर घरच्या ग्रुपवर कुणीतरी नानांचा फोटो फुलांच्या चौकटीत बसवून टाकलासुद्धा!

घराजवळ नाहूरच्या नाक्यावर एक मोठा हार घेतला आणि रिक्षात बसलो. सारखं एकच मनात, शेवटी तोंडात पाणी तरी कुणी घातलं असेल का? हाक मारली असेल का मला? मांडीवर हार, आणि समोर लाल सिग्नल. एकही सिग्नल हिरवा मिळेल तर शपथ.

बोरिवली आली तसा रिक्षावाला मान वळवून म्हणाला, "साहब, ईस्ट या वेस्ट?"

झालं! माझा बांधच फुटला. "वेस्ट नको रे! वेस्ट नको!"

"अरे, रोते क्यूं हो? ईस्टही ले चलता हूं ना!"

जिने चढून वर गेलो तर नानांच्या दाराला कुलूप. अंकलच्याही दाराला कुलूप. म्हणजे नेलं? माझ्यासाठी थांबलेसुद्धा नाहीत? ज्याने पोरासारखं वाढवलं त्याला खांदासुद्धा द्यायला मिळाला नाही, म्हणून मी तिथेच पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडायला लागलो.

तेवढ्यात खालून विल्सन अंकलचा आवाज. "डॉक्टर काय बोलला होता तुला, आँ? शोधून शोधून पाय दुखले माझे, त्यात फोनपण घरीच विसरलो!"

आणि मागोमाग दुसरा आवाज. "तापान तोंडाची चव गेली होती रे. म्हटलंय, बांगडे तरी खावया."

वळणावरून आधी एक पिशवी वर आली, तिच्यातून बांगड्यांच्या शेपट्या. मग नाना. धडधाकट!

"तू खयसून इलंस रे? आणि ह्यो हार कोणाक?"

मी त्यांना मिठीच मारली, बांगड्यांसकट. मग रडत, अडखळत सगळं सांगितलं. विल्सन अंकलनी कपाळावर हात मारला. "अरे, मी सरळ तर लिहिलं! वेस्टला गेले, गुपचूप गेले, डॉक्टरने सांगूनसुद्धा गेले! त्यात काय चुकलं?"

नानांनी पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मेल्या, वेस्टाक गेलंय म्हणजे मेलंय, तर आता ईस्टाक परत इलंय म्हणजे काय? बारसा करतलंस माजा?"

हार वाया का घालवा म्हणून त्यांनी तो स्वतःच गळ्यात घातला आणि त्याच थाटात माझ्या मोबाइलवरून बाळ्याला फोन लावला. नानांचा आवाज ऐकून बाळ्याच्या हातातून फोन पडला म्हणे. गाडी राजापुरातून परत फिरली.

मी घरी कसं तोंड दाखवायचं या विचारात बसलेलो. आतून नाना ओरडले, "रे, तिरफळा हाडूची रवली! तिरफळाशिवाय बांगड्याचा सार कसा होतला? ऊठ, आता तू जा वेस्टाक!"

गेलो तिरफळं आणायला. वाटेत बायकोला मेसेज केला: नाना ठणठणीत आहेत. मी जरा वेस्टला जातोय.

तिचं उत्तर लगेच आलं.

"जा. पण त्याआधी तुमच्या विम्याचे कागद कुठे ठेवलेत, तेवढं सांगून जा."